काल रिपोर्ट नॉर्मल, आज डायलिसिस : मधल्या रात्रीत किडनीचं काय होतं?

बातमीतलं वाक्य आता पाठ झालं आहे : ‘न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल, किडन्यांचं काम मंदावल्यानं डायलिसिस सुरू.’ ते वाचून मनात येणारा प्रश्नही ठरलेला. आजार फुप्फुसाचा होता ना? मग मध्येच किडनी कुठून आली? त्यातून पेशंट आपल्याच घरातला असेल तर प्रश्नाला धार चढते. काल संध्याकाळी रिपोर्ट नॉर्मल होता, मग एका रात्रीत असं काय झालं? कुणाची चूक झाली का?

हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. जगभरातल्या काही डॉक्टरांनी उभी कारकीर्द याच प्रश्नावर घालवली आहे. हे लोक अर्धे किडनीतज्ज्ञ आणि अर्धे आयसीयूचे डॉक्टर. सकाळी राउंडला अत्यवस्थ पेशंट बघायचे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुधा रात्री, त्याच पेशंटांच्या नोंदींतून पुढचा प्रश्न शोधायचा. त्यांच्या गेल्या तीसेक वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला, तर त्यात चमत्कारी औषध एकही सापडत नाही. सापडतात ते बहुतांशी ‘यानं फायदा होत नाही’, ‘हे देऊ नका’, ‘एवढी घाई नको’ असे निष्कर्ष. ऐकायला हे निराशाजनक वाटतं. मला मात्र वैद्यकातल्या सर्वांत प्रामाणिक कामांपैकी हे एक वाटतं, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी किडनी काय करते ते बघू

किडनीला गाळणी म्हणण्याची पद्धत आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. गाळणी नको ते अडवते आणि हवं ते खाली सोडते. किडनीची तऱ्हा वेगळी. घर आवरायला काढलेल्या माणसानं कपाटातलं सगळं सामान आधी अंगणात नेऊन टाकावं आणि मग त्यातलं हवं तेवढं वेचून परत आत आणावं, तसं तिचं चालतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून बाहेर काढतात. त्यातलं पाणी, मीठ, साखर, सगळं कामाचं परत आत घेतात, आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर टाकतात. प्रत्येक किडनीत या कामाच्या सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या असतात.

सामान बाहेर टाकायला मुख्यतः रक्ताचा दाब पुरतो. परत आत आणणं मात्र मेहनतीचं, त्याला ऊर्जा लागते. म्हणून दोन्ही मिळून जेमतेम पाव किलोपेक्षा थोड्या जास्त वजनाचे हे अवयव हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा घेतात. शरीरात कुठेही मोठी गडबड झाली, म्हणजे रक्तदाब कोसळला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, मोठं ऑपरेशन झालं, एखादं औषध बाधलं, की तिची झळ किडनीला फार लवकर लागते ती यामुळे.

‘फेल’ म्हणजे कायमची गेली का?

नाही, आणि हा गोंधळ आधी मिटवायला हवा. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे वर्षानुवर्षं हळूहळू झिजणारी किडनी हा एक आजार. काही तासांत किंवा काही दिवसांत किडनीचं काम घसरणं हा दुसरा. या दुसऱ्याचं नाव अक्यूट किडनी इंज्युरी, डॉक्टरांच्या बोलण्यात एकेआय. झिजलेलं सहसा भरून येत नाही. अचानक घसरलेलं मात्र बऱ्याचदा वर येतं, कधी पूर्ण, कधी अर्धवट. बातमीतली किडनी बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारची असते.

हे चित्र पहिल्यांदा नीट कागदावर उतरलं ते युद्धात. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखाली दबलेली काही माणसं जिवंत बाहेर काढली गेली. सुरुवातीला ती बरी दिसायची. पुढे त्यांची लघवी कमी होत जायची आणि काही दिवसांत ती दगावायची. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या दोघांनी अशा चार रुग्णांची हकीकत छापली. चिरडलेल्या स्नायूंमधून सुटलेले पदार्थ किडनीच्या नळ्यांना बाधत होते. मार पायाला बसला होता, आणि जीव गेला होता किडनीपायी.

साधारण त्याच सुमारास नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर सॉसेजला वापरतात ते सेलोफेनचं वेष्टण एका फिरत्या पिंपाला गुंडाळून त्यातून रक्त धुण्याची खटपट करत होता. १९४३ पासून त्यानं एकामागून एक रुग्ण घेतले. सोळा जणांपर्यंत फारसं यश आलं नाही. १९४५ च्या सप्टेंबरात सतरावी रुग्ण, बेशुद्धावस्थेतली ६७ वर्षांची एक बाई, शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली. या यंत्रानं तिची किडनी बरी केली नव्हती. ती आपली आपण सावरेपर्यंत बाईला जिवंत ठेवलं होतं. डायलिसिसचं आयसीयूतलं काम आजही नेमकं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा वाद याच मुद्द्यावर येऊन थांबतो.

क्रिएटिनिन : उशिरा पोचणारा निरोप

‘काल रिपोर्ट नॉर्मल होता’ या वाक्यातला रिपोर्ट म्हणजे बहुधा क्रिएटिनिनचा. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साचतो. रक्त तपासलं की आकडा मिळतो. इतकं सरळ आहे, आणि फसगत होते ती इथेच.

एक मोठी टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून बारीक धार पडते आहे आणि खालच्या भोकातून तेवढंच पाणी वाहून जातं आहे. पातळी स्थिर. आता खालचं भोक एकदम बुजलं. पाच मिनिटांनी टाकीत डोकावलात तर काय दिसेल? पातळी होती तिथेच. भोक बुजलं आहे हे पातळीवरून कळायला वेळ जावा लागतो. क्रिएटिनिनचंही असंच. आज रात्री दोन वाजता दोन्ही किडन्या पूर्ण बंद पडल्या, तरी सकाळी सहाच्या रक्तात आकडा जवळपास कालचाच असू शकतो. तो चढून डोळ्यांत भरायला दीड-दोन दिवस सहज जातात.

त्यात आणखी भानगडी आहेत. आजाऱ्याला सलाईन भरपूर गेलं असेल तर रक्त पातळ होतं आणि आकडा कमी दिसतो. म्हातारं, कृश माणूस असेल तर स्नायूच कमी, म्हणजे वरची धारच बारीक. त्याची किडनी निम्मी गेली तरी आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसू शकतो. म्हणून कालच्या रिपोर्टमध्ये कुणी काही लपवलं होतं असं नाही. त्यात परवाची बातमी होती. लघवीचं तासातासाचं माप कित्येकदा त्याच्या आधी बोलतं. आयसीयूतली नर्स दर तासाला लघवीची पिशवी वाकून बघते आणि आकडा लिहिते, ते काम दिसायला किरकोळ आहे. पण मला विचाराल तर त्या खोलीतल्या सगळ्या बीप करणाऱ्या यंत्रांच्या बरोबरीचं आहे.

नावच एक नव्हतं

आता संशोधनाच्या गोष्टीकडे येऊ. साल २००० च्या आसपास एक विचित्र परिस्थिती होती. अचानक किडनी निकामी होणं म्हणजे नक्की काय, याच्या तिसाहून जास्त व्याख्या वैद्यकीय साहित्यात वापरात होत्या. एकाच्या लेखात क्रिएटिनिन थोडं वाढलं की रुग्ण मोजला जायचा, दुसऱ्याच्या लेखात डायलिसिस लागलं तरच. साहजिकच कुणाच्या आकडेवारीत हा आजार किरकोळ होता, कुणाच्या आकडेवारीत प्रचंड. औषधाची चाचणी तरी कशी करणार? एकाच्या लेखातला ‘बरा झालेला’ रुग्ण दुसऱ्याच्या हिशेबात मुळात आजारीच नव्हता.

इटलीतले क्लाउडिओ रोन्को, ऑस्ट्रेलियातले रिनाल्डो बेलोमो, अमेरिकेतले जॉन केलम आणि रवींद्र मेहता अशी काही मंडळी तेव्हा एकत्र आली. या गटानं २००४ साली ‘रायफल’ नावाची एक सामायिक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात दोनदा दुरुस्ती झाली आणि २०१२ मध्ये आजची व्याख्या ठरली : ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमनं वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती एकेआय.

व्याख्या करणं हे काही पेपरात फोटो येण्यासारखं काम नव्हे. पण ती झाली आणि मोजता येऊ लागलं. २००५ साली २३ देशांतल्या ५४ रुग्णालयांची पाहणी छापून आली. अजून जुन्या, कडक व्याख्येवर बेतलेली. तिच्यात आयसीयूतल्या २९ हजारांवर रुग्णांपैकी साधारण ६ टक्क्यांना गंभीर स्वरूपात हा त्रास होता, आणि त्यांच्यातले ६० टक्के रुग्णालयातच दगावले. निम्म्याच्या आसपास रुग्णांत कारण होतं सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गानं शरीरभर उठलेलं वादळ आणि कोसळलेला रक्तदाब. दहा वर्षांनी नवी मोजपट्टी लावून ९७ आयसीयूंमध्ये तीच मोजणी झाली, तेव्हा सौम्य प्रकारही धरून आयसीयूतल्या निम्म्याहून जास्त, ५७ टक्के रुग्णांत एकेआय सापडली.

इथे कुणी म्हणेल, ०.३ म्हणजे कितीसं? एवढ्या फरकाला आजार म्हणणं हे उगाच घाबरवणं झालं. आक्षेप रास्त आहे. पण २००५ मध्येच ग्लेन चर्टो आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाखल असताना क्रिएटिनिन ०.५ नं वाढलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे साडेसहा पट आढळली. ही वाढच मृत्यूचं कारण असते असं यातून ठरत नाही. जास्त आजारी माणसाची किडनीही जास्त घसरते. तरी छोटा आकडा छोटी गोष्ट सांगत नव्हता, एवढं नक्की.

रक्त कमी पडलं म्हणून बंद पडली, इतकं सोपं नाही

बरीच वर्षं समज असा होता की सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गानं शरीरभर उठणाऱ्या त्या वादळात, किडनीला रक्त कमी मिळतं आणि तिच्या पेशी मरतात. ऐकायला पटतंही. मग बेलोमोंच्या गटानं मेंढ्यांना जंतुसंसर्ग घडवून त्यांच्या किडनीकडे जाणाऱ्या रक्ताचा प्रवाह प्रत्यक्ष मोजला. प्रवाह वाढलेला निघाला, आणि तरी किडनीचं काम घसरलं होतं! सेप्सिसनं दगावलेल्या माणसांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर तिथेही मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा फारच थोड्या दिसल्या.

मग काम का थांबतं? आजचा अंदाज असा की किडनीच्या पेशी मरत नाहीत, त्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसतात. आत बारीक रक्तवाहिन्यांमध्ये वाटप बिघडलेलं असतं, दाहक पदार्थांचा मारा चालू असतो, अशा वेळी पेशी खर्चिक कामं बंद करून जीव वाचवतात. हे पूर्ण सिद्ध झालेलं नाही. पण ते खरं असेल तर किडनी परत का सावरते, हेही कळतं. आणि तिला चाबूक मारून पळवण्याचे उपाय का फसले, तेही.

चाबकाचे उपाय

डोपामिन हे पहिलं उदाहरण. अगदी थोड्या मात्रेत दिलं की किडनीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लघवी वाढते, हे माहीत होतं. म्हणून जगभरच्या आयसीयूंमध्ये दशकानुदशकं ‘किडनी वाचवायला थोडं डोपामिन’ चालू असायचं. न देणारा डॉक्टर हलगर्जी वाटावा इतकं. साल २००० मध्ये बेलोमो आणि सहकाऱ्यांनी २३ आयसीयूंतल्या ३२८ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना डोपामिन, निम्म्यांना औषध नसलेलं नुसतं द्रव. किडनीत फरक शून्य. क्रिएटिनिन जवळपास सारखंच चढलं, डायलिसिसही सारखंच लागलं.

लघवी वाढवणाऱ्या फ्रुसेमाइडचं असंच. नातेवाइकांचा आग्रह असतो, ‘लघवी व्हायचं इंजेक्शन द्या ना.’ अंगात साचलेलं पाणी उतरवायला ते उपयोगी आहे, यात शंका नाही. पण लघवी वाढली म्हणजे किडनी बरी झाली असं होत नाही. गाडी ढकलली की चाकं फिरतात, म्हणून इंजिन सुरू झालं असं आपण म्हणत नाही. या औषधाचा एक वेगळाच उपयोग मात्र पुढे निघाला. २०१३ साली लखमीर चावला यांच्या गटानं ते चाचणी म्हणून वापरलं. ठरावीक मात्रा द्यायची आणि दोन तास लघवी मोजायची. २०० मिलिलिटरही झाली नाही, तर किडनी आणखी बिघडण्याची शक्यता मोठी. औषध म्हणून हरलेलं इंजेक्शन प्रश्नपत्रिका म्हणून पास झालं.

सर्वांत बोचरी गोष्ट स्टार्चची. रक्तदाब पडला की शिरेतून द्रव भरतात. साधं सलाईन शिरांमधून लवकर बाहेर झिरपतं, म्हणून स्टार्च मिसळलेलं दाट द्रव वापरात आलं. तर्क बिनचूक होता. २०१२ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत, गंभीर सेप्सिसच्या सुमारे ८०० रुग्णांमध्ये, स्टार्च मिळालेल्यांपैकी ५१ टक्के तीन महिन्यांत दगावले, न मिळालेल्यांपैकी ४३ टक्के. डायलिसिसही २२ विरुद्ध १६ टक्के. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या सात हजार रुग्णांच्या चाचणीत मृत्यूंत ठळक फरक नव्हता, पण डायलिसिस स्टार्चवाल्यांनाच जास्त लागलं. म्हणजे किडनी वाचावी म्हणून भरलेलं द्रवच किडनीला भोवत होतं. एकेका बेडजवळ उभं राहून हे कुणालाही दिसलं नसतं. शंभरात सहा-आठ जणांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो.

साधं सलाईन बरं की रक्ताच्या क्षारांशी जुळणारं संतुलित द्रव, हाही वाद आहे. २०१८ च्या अमेरिकेतल्या जवळपास १६ हजार रुग्णांच्या चाचणीत संतुलित द्रवाचा थोडा फायदा दिसला, नंतरच्या दोन मोठ्या चाचण्यांत तो ठामपणे दिसला नाही. इतकंच.

‘डायलिसिस लागणारच आहे, तर आजच लावा ना’

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या घरच्यांचा हा सर्वांत कळकळीचा प्रश्न, आणि बरीच वर्षं डॉक्टरांनाही तेच वाटत होतं. रक्तात विष साचतंय, मग वाट कशाची बघायची? जुने अभ्यासही तेच सांगत. लवकर डायलिसिस लावलेले जास्त वाचले, उशिरा लावलेले कमी.

पण त्या अभ्यासांत एक खोट होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ‘उशिरा’च्या गटात कोण मोजले जात? ज्यांना अखेर डायलिसिस लागलं ते. वाट बघता बघता ज्यांची किडनी आपली आपणच सुरू झाली, ते या हिशेबात नव्हतेच, कारण त्यांना डायलिसिस झालंच नव्हतं! वाट बघण्याचा सगळा फायदा असा कागदावरून गळून पडत होता.

म्हणून चाचणी अशी हवी, की आधी रुग्णांचे दोन गट पाडायचे आणि मग बघायचं. २०१६ साली एकाच महिन्यात अशा दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचे निकाल परस्परविरुद्ध निघाले. जर्मनीतल्या एका केंद्रातल्या २३१ रुग्णांमध्ये लवकर डायलिसिसवाल्यांचे मृत्यू ३९ टक्के, उशिरावाल्यांचे जवळपास ५५. फ्रान्समधल्या ३१ आयसीयूंतल्या ६२० रुग्णांमध्ये मात्र दोन्हीकडे सारखेच, पन्नासच्या आत-बाहेर. आणि फ्रेंच चाचणीतली खरी बातमी वेगळीच होती. वाट बघण्याच्या गटातल्या ४९ टक्के रुग्णांना डायलिसिस कधी लागलंच नाही.

वाद मिटवायला मोठी चाचणी हवी होती. ती कॅनडातल्या शॉन बॅगशॉ आणि रॉन वॉल्ड यांच्या पुढाकारानं झाली. १५ देश, १६८ रुग्णालयं, तीन हजारांवर रुग्ण. निकाल २०२० साली आला. ९० दिवसांत मृत्यू लवकरवाल्यांत ४३.९ टक्के, थांबलेल्यांत ४३.७. फरक नाहीच म्हणायचा. थांबलेल्यांपैकी तिघांत एकाहून अधिकांना यंत्र लागलं नाही. आणि जे वाचले, त्यांच्यातले डायलिसिसवर अडकून राहिलेले किती? लवकरवाले १०.४ टक्के, थांबलेले ६ टक्के.

म्हणजे घाईनं जीव वाचले नाहीत, उलट काहींची किडनी यंत्राच्या सोबतीला सोकावल्यासारखी झाली. असं का व्हावं? डायलिसिस चालू असताना रक्तदाब खाली येऊ शकतो आणि सावरू बघणाऱ्या किडनीला पुन्हा धक्का बसतो. मानेत किंवा जांघेत जाड नळी घालावी लागते, तिच्यातून जंतू शिरतात. रक्तातल्या कचऱ्याबरोबर अँटिबायोटिकही धुऊन निघतं.

याचा अर्थ ‘थांबावं तितकं बरं’ असाही नाही. फ्रेंच गटानंच पुढे आणखी लांबवून पाहिलं. २०२१ च्या त्या चाचणीत फायदा मिळाला नाहीच, उलट धोका वाढत असल्याची चिन्हं दिसली. पोटॅशियम हृदयाला धोका होईल इतकं चढलं, रक्त फार आम्ल झालं, फुप्फुसात पाणी भरलं आणि औषधानं उतरेना, तर डायलिसिस लगेचच. तिथे चर्चेला जागा नाही. त्याच्या अलीकडे असलेल्या पेशंटबद्दल डॉक्टर ‘अजून एक दिवस बघू’ म्हणाले, तर ते टाळाटाळ करताहेत असं धरू नये. त्या एका वाक्यामागे हजारो रुग्ण आणि कित्येकांच्या कारकिर्दीतली वर्षं आहेत.

पण चिठ्ठ्या टाकून उपचार ठरवायचे, हे बरोबर आहे का?

गट पाडताना निवड कुणाच्या मर्जीवर नसते, संगणक चिठ्ठी काढतो, हे ऐकून अंगावर काटा येतो. माझ्या माणसाच्या जिवाचा छापा-काटा?

अशी चाचणी तेव्हाच करता येते, जेव्हा कुठला उपचार बरा हे जाणकारांनाही खरोखर ठाऊक नसतं. नीतिसमितीची मंजुरी, रुग्णाची किंवा घरच्यांची संमती आणि मध्येच एका गटाला इजा होते असं दिसलं तर चाचणी थांबवणारी स्वतंत्र समिती, ही त्यामागची व्यवस्था. आयसीयूत संमतीचा प्रश्न अवघडच असतो, कारण रुग्ण बेशुद्ध आणि घरचे भांबावलेले असतात. त्यावर कुणाकडे सुबक उत्तर नाही. पण दुसरी बाजूही बघा. चाचणी नव्हती तेव्हाही छापा-काटा चालूच होता. अमुक डॉक्टरांकडे गेलात तर डोपामिन, तमुकांकडे गेलात तर नाही. फक्त निकाल कुणी लिहून ठेवत नव्हतं.

लवकर ओळखणारी चाचणी आणि संगणकाची घंटा

टाकीची पातळी उशिरा कळते, तर भोक बुजल्याचं सांगणारी वेगळी खूण शोधा, ही कल्पना उघड होती. २००५ साली हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांमध्ये एनजीएएल नावाचं प्रथिन दोनच तासांत वाढलेलं सापडलं. क्रिएटिनिनला तिथे पोचायला एक ते तीन दिवस लागले. मोठा आनंद झाला. मोठ्या माणसांमध्ये, अनेक आजार एकत्र असलेल्यांमध्ये, ती चमक तेवढी टिकली नाही. इतर काही खुणाही निघाल्या आहेत, २०१४ पासून अमेरिकेत लघवीतल्या दोन प्रथिनांच्या चाचणीला परवानगी आहे. पण अडचण अशी की लवकर कळल्यावर करायचं काय? रक्तदाब सांभाळणं, किडनीला बाधणारी औषधं थांबवणं आणि पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवणं, हे तर क्रिएटिनिन बघणारा चांगला डॉक्टरही करतोच.

मग संगणकानंच डॉक्टरला घंटा वाजवून सांगितलं तर? अमेरिकेत पेरी विल्सन यांनी हे दोनदा करून पाहिलं. २०२१ मध्ये छापलेल्या दुसऱ्या चाचणीत सहा रुग्णालयांतले सहा हजार रुग्ण होते. एकूणात घंटेनं फरक पडला नाही. त्यातल्या ज्या रुग्णालयांत वैद्यकीय शिक्षण चालत नव्हतं, तिथे घंटेच्या गटात मृत्यू उलट जास्त दिसले आणि त्याचं समाधानकारक कारण हाती लागलं नाही. निरुपद्रवी वाटणारी सूचनासुद्धा तपासल्याशिवाय वापरू नये, असं म्हणणारे लोक पूर्वी अतिसावध वाटायचे. आता कमी वाटतात.

घरी गेल्यावर

एकेआयमधून सावरलेल्या माणसाला पुढच्या काळात किडनीचा दीर्घ आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आकडा परत ‘नॉर्मल’ झाला तरी. पेशी सावरताना काही व्रण मागे ठेवतात आणि क्रिएटिनिन ते दाखवत नाही. त्याच्या उशिरा बोलण्याच्या खोडीबद्दल वर लिहिलंच आहे. म्हणून २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगितलं आहे. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, एवढंच. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत. उलट्या-जुलाबांचा त्रास झाला, तर नेहमीच्या रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं.

सुट्टीच्या कागदावर मात्र बऱ्याचदा मूळ आजारच लिहिलेला असतो : ‘न्यूमोनिया, आता बरा.’ मधल्या चार दिवसांत किडनी घसरली होती आणि क्रिएटिनिन कुठपर्यंत चढलं होतं, याची ओळ त्यात आहे का ते बघा. नसेल, तर निघण्याआधी लिहून मागा. पुढच्या वेळी वेगळ्या रुग्णालयात, वेगळ्या डॉक्टरांसमोर, नवा रिपोर्ट कशाशी ताडून बघायचा हे त्या एका आकड्यावरून ठरेल.